आभाळ कुठलेही, करडा तोच

जानेवारीतल्या एकाच रात्री, एकाच कॅमेऱ्याने मृगातल्या तेजोमेघाचे दोन फोटो घेतले असे समजू. एक सोलापुरातल्या पार्क चौकाजवळच्या गच्चीवरून, दुसरा विजापूर रस्त्याने मंद्रूपच्या पुढे जाऊन, रानातून. दोन्हींचे स्टॅकिंग केले (म्हणजे अनेक फोटो एकावर एक रचून एक केला), सिरिल या आकाशाच्या फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडले आणि ऑटो स्ट्रेच दिला, म्हणजे अंधारातले बारीक फरक ताणून दिसते करायचे काम यंत्रावर सोपवले. आता तारा नाही, मेघ नाही अशा मोकळ्या आकाशावर माऊस नेऊन आकडा वाचा. काळ्याला ० आणि पांढऱ्याला १ धरले, तर दोन्हीकडे ०.२५ च्या आसपास येईल. चौकातले एलईडी, हायमास्ट, दुकानांच्या पाट्या मिळून आभाळात जो उजेड फेकतात, तो फोटोतून गेला कुठे? गेला नाही. आकाशाचा करडा ०.२५ वरच आणायचा, असे त्या बटणामागच्या गणितात आधीच लिहिलेले आहे. आभाळ मंद्रूपचे असो की चौकातले, गणिताला फरक पडत नाही.

हा मुद्दा चार हौशी लोकांच्या वादापुरता होता तोवर सोडून देता येत होता. आता असे फोटो शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात लागतात, स्पर्धांना जातात, जिल्हा पानावर छापून येतात, आणि ‘सोलापूरहून बघा काय दिसते’ म्हणून मोबाइलवर फिरतात. लोक त्यांच्याकडे पुरावा म्हणून बघतात. म्हणून कॉन्ट्रास्ट कोणी ठरवला, हाताने की यंत्राने, हा प्रश्न आता चव्हाट्यावरचा आहे. ऑटो स्ट्रेच कामाच्या टेबलावर असावा, भिंतीवर टांगायच्या फोटोत नसावा. तिथे वक्र (कोणता उजेड किती ताणायचा ते ठरवणारी रेषा) हाताने घालावा आणि काय केले ते फोटोखाली लिहावे. मात्र दोन आकाशांची तुलना करायची असेल तर हातही नको आणि ऑटोही नको. तिथे एकच ठरलेले माप दोघांना लावावे.

सुरुवातीलाच एक गैरसमज बाजूला करू. ‘आम्ही कॉन्ट्रास्टला हातच लावत नाही, फोटो जसा आला तसा’ असे अभिमानाने सांगणारे भेटतात. आकाशाच्या फोटोत हे शक्य नाही. कॅमेऱ्याचा सेन्सर प्रकाश सरळ हिशेबात मोजतो: दुप्पट प्रकाश, दुप्पट आकडा. १४ बिटच्या कॅमेऱ्यात ० ते १६,३८३ असे १६,३८४ टप्पे असतात. तेजोमेघाची बाहेरची पिसे आकाशाच्या पातळीपेक्षा दहा-वीस टप्पेच वर असतात, आणि ठळक तारे थेट टोकाला टेकलेले. ही फाइल जशीच्या तशी पडद्यावर आणली तर काळ्या पाटीवर खडूचे चार ठिपके दिसतील. अंधाऱ्या टोकाचे थोडेसे टप्पे ताणून डोळ्यांना दिसतील इतके लांब करावेच लागतात. जो म्हणतो मी ताणलेच नाही, त्याच्यासाठी कॅमेऱ्यातल्या जेपीईजीने किंवा मोबाइलच्या नाइट मोडने ते आधीच ताणलेले असते, एवढेच.

ऑटो हे ताणणे कसे करतो ते नीट बघण्यासारखे आहे. सिरिल आणि पिक्सइनसाइट या दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये पद्धत मुळात एकच. आधी सगळ्या पिक्सेलांचा मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, काढायचा. बहुतेक पिक्सेल रिकाम्या आकाशाचे असतात, म्हणून मध्यक म्हणजे आकाशाची पातळी असे गृहीत धरायचे. मग प्रत्येक पिक्सेल त्या मध्यकापासून किती लांब आहे ते काढून त्या अंतरांचाही मध्यक घ्यायचा आणि त्याला १.४८२६ ने गुणायचे. हा झाला पसारा. मध्यकातून पसाऱ्याच्या २.८ पट वजा केले की काळ्याची रेघ मिळते. तिच्या खालचे सगळे शून्य. शेवटी आकाश ०.२५ वर येईल असा मिडटोनचा आकडा (जो ताणल्यावर बरोबर ०.५ वर जातो तो) शोधून वक्र घालायचा.

आकड्यांनी बघू. मध्यक ०.००४०० आणि पसारा ०.०००३० असलेला स्टॅक घ्या. काळ्याची रेघ ०.००३१६ वर पडते. आकाश तिच्यावर फक्त ०.०००८४ उरते, आणि एवढ्याशा उंचीला ०.२५ पर्यंत चढवायला मिडटोन सुमारे ०.००२५ लागतो. मिडटोन ०.५ असतो तेव्हा चित्रात काहीच बदल होत नाही, हे लक्षात घेतले की ०.००२५ म्हणजे काय ते कळेल: अगदी काळ्या टोकाला ताण जवळजवळ ४०० पट, आकाशाच्या पातळीवर सव्वादोनशे पट.

आता यातली मेख. काळ्याची रेघ पसाऱ्याला बांधलेली आहे, आणि मिडटोन त्या रेघेला. त्यामुळे ताणल्यानंतर आकाशात उरणारा नॉइज, म्हणजे खरखर, दर वेळी तेवढाच येतो: ०.०६७ च्या आसपास, म्हणजे ० ते २५५ च्या मोजणीत साधारण १७. पसाऱ्याचा मुख्य भाग नॉइजचाच असेल, तर वीस मिनिटांच्या स्टॅकलाही १७ आणि दहा तासांच्या स्टॅकलाही १७. नॉइज कमी झाला की यंत्र खूश होऊन थांबत नाही. उलट तेवढेच जास्त ताणते आणि खरखर पुन्हा पहिल्या जागी आणून ठेवते. नवखे लोक चार रात्री जागून एक्स्पोजर वाढवतात आणि ‘फोटो तेवढाच खरखरीत, मग फायदा काय?’ असे विचारतात. फायदा झालेला असतो, मंद पिसे वर आलेली असतात. पण गुळगुळीतपणाच्या रूपाने जो दिसायला हवा होता तो बटणाने खाल्लेला असतो. हाताने ताणणारा तिथे थांबू शकतो. आकाश ०.१० वर ठेवून बाकीचा फायदा तो स्वच्छतेत घेतो.

दुसऱ्या टोकाला, उजेडाच्या बाजूला, नुकसान याहून ढळढळीत आहे. वरच्याच आकड्यांत मूळ फाइलमधला ०.१ चा पिक्सेल ताणल्यावर ०.९७७ वर जातो. म्हणजे ०.१ पासून १ पर्यंतचा सगळा मजकूर, सेन्सरच्या मापाचा नव्वद टक्के भाग, पडद्याच्या शेवटच्या सहा टप्प्यांत कोंबला जातो. मृगातल्या तेजोमेघाचा गाभा नेमका तिथे राहतो. ट्रॅपेझियमचे चार तारे, त्यांच्याभोवतीची हिरवट झाक, धुळीची काळी खाच, सगळे चुन्याच्या एका ठिपक्यात जाते. आणि एक्स्पोजर चौपट केले तर पसारा निम्म्यावर येतो, मिडटोनही निम्म्यावर येतो, आणि गाभ्याला सहाच्या जागी तीनच टप्पे उरतात. जितकी मेहनत जास्त तितका गाभा जास्त जळतो. ‘कॅमेऱ्यात सॅच्युरेट झाले असेल’ असे म्हणून लोक पुढच्या वेळी एक्स्पोजर कमी करतात. आधी मूळ फाइलमध्ये गाभ्यावर माऊस नेऊन बघावे. आकडा ०.९ च्या खाली असेल तर मजकूर शाबूत आहे, तो ताणण्यात गेला.

मध्यक म्हणजे आकाश, हे गृहीतक कुठे मोडते? जिथे चौकटीत मोकळे आकाशच नसते तिथे. हल्ली ५० मिमी भिंगाच्या आणि २५० मिमी नाभीय अंतराच्या छोट्या स्मार्ट दुर्बिणी बऱ्याच घरांत आल्या आहेत. त्यांची चौकट साधारण १.३ अंश बाय ०.७ अंश. देवयानी दीर्घिका आकाशात तीन अंशांची. गाभा मध्यभागी धरला की कडेपर्यंत दीर्घिकाच असते, आणि यंत्र तिच्या बाहेरच्या भुजांनाच ‘पार्श्वभूमी’ समजून ०.२५ वर बसवते. मग गोल पांढरा गाभा आणि भोवती करडे धुके. एप्रिल-मे महिन्यात धनू-वृश्चिकातल्या आकाशगंगेचे हेच होते: सगळी चौकट ताऱ्यांच्या पिठाने भरलेली, मध्यक त्या पिठाचा. यंत्र पिठालाच काळोख ठरवते.

रंगाचे तर विचारू नका. ऑटोमध्ये तीनही रंग एकत्र ताणायचे की सुटे, असा पर्याय असतो. सुटे ताणले की लाल, हिरवा, निळा तिघांचे आकाश वेगवेगळे मोजून ०.२५ वर येते. कलर कॅमेऱ्याचा सेन्सर हिरव्याला जास्त संवेदनशील, त्यामुळे येणारी हिरवी झाक यात चुटकीसरशी जाते, आणि एलईडीचा निळसर-पिवळा पडदाही जातो. लोकांना हे आवडते. पण चौकटभर पसरलेल्या हायड्रोजनच्या मेघाचा लालही त्याच झटक्यात फिका पडतो, कारण यंत्राच्या लेखी तोही एक पडदाच. चौकातल्या दिव्यांचा रंग आणि मेघाचा रंग यांत फरक करायला ताऱ्यांचे खरे रंग माहीत असावे लागतात. म्हणून आधी फोटोतले तारे गाया उपग्रहाच्या सूचीशी जुळवून रंगांचे संतुलन करावे, आणि मगच तिन्ही रंग एकत्र ताणावेत.

सोलापुरात हात की यंत्र हा वाद निघाला की कोणीतरी हातमाग आणि यंत्रमाग आणतोच. इथे तो दाखला बसत नाही. जॅकार्डच्या मागावर भोके पाडलेली कार्डे एकदा लावली की शंभरावी चादरही पहिलीसारखीच निघते. मागाला सूत बघून नक्षी बदलायची अक्कल नसते आणि ते बरेच असते. ऑटो स्ट्रेच प्रत्येक फोटोगणिक आपली कार्डे नव्याने पाडतो. यंत्र म्हणजे सगळ्यांना एकच न्याय, असे जे आपण धरून चालतो, ते याच्या बाबतीत खरे नाही. शेवटचा करडा तेवढा एक, माप प्रत्येकाला निराळे.

तरी ऑटोला टाकाऊ म्हणणारा रात्रभर काम केलेला नसावा. स्टॅकमधल्या दोनशे सुट्या फोटोंमधून विमानाची रेघ, ढगाचा तुकडा, वाऱ्याने हललेले तारे वेचून काढायचे तर ऑटोच हवा. एकेक फोटो हाताने ताणत बसलो तर पहाट होईल. शहराच्या उजेडाचा ग्रेडियंट, म्हणजे उतार, कुठून कुठे जातो, फ्लॅट्स (असा काळेपणा काढायला एकसारख्या उजेडाचे घेतलेले फोटो) नीट बसलेत की कोपरे काळे राहिलेत, सेन्सरजवळच्या काचेवरच्या धुळीचे वेढे दिसतात का, हे ऑटोच्या अतिरेकी ताणातच लवकर कळते. तो डॉक्टरचा टॉर्च आहे. शिवाय सिरिलमध्ये ऑटो हा आधी फक्त पडद्यावरचा चष्मा असतो, फाइल सरळच राहते. चूक पुढे होते: चष्मा तसाच ठेवून माणूस हिस्टोग्राममध्ये (कोणत्या उजेडाचे किती पिक्सेल ते दाखवणाऱ्या आलेखात) खरा ताण देतो, पडदा पांढराफटक होतो आणि ‘सॉफ्टवेअर बिघडले’ म्हणून तो सोडून देतो. ताण देण्याआधी पडदा लिनियरवर, म्हणजे न ताणलेल्या दृश्यावर, आणायचा, हे पहिले काम.

फोटो सुधारायच्या साध्या अॅपमधले ‘ऑटो’ बटण ही आणखी वेगळी जात. ते दोन्ही टोकांचे ठरावीक टक्के पिक्सेल छाटते. फोटोशॉपच्या ऑटो लेव्हल्समध्ये मूळ सेटिंग ०.१ टक्का असते. लग्नाच्या फोटोत ०.१ टक्का म्हणजे भटजींच्या धोतरावरची चमक. २४ मेगापिक्सेलच्या आकाशात तो २४,००० पिक्सेलांचा मामला आहे, आणि रंगीत तारे नि तेजोमेघाचा गाभा एवढ्यातच मावतात. रोहिणीचा नारिंगी आणि राजन्याचा निळा, दोन्ही पांढरे होऊन बाहेर पडतात. तुकड्यातुकड्याने कॉन्ट्रास्ट वाढवणारे क्लाही फिल्टरही जपून वापरावेत; ठळक ताऱ्याभोवती ते काळे कडे काढतात, आणि ते कडे बघून कोणी तरी ‘धुळीची तबकडी’ शोधून काढतो.

हाताने करायचे म्हणजे काय, ते सांगतो. स्टॅकच्या कडा आधी कापायच्या, कारण तिथे सगळे फोटो एकमेकांवर आलेले नसतात आणि ती पट्टी मध्यक बिघडवते. मग ग्रेडियंट काढायचा. त्यासाठी सॉफ्टवेअर आकाशाच्या नमुन्याचे ठिपके टाकते; ते मेघावर किंवा ठळक ताऱ्यावर पडलेले असतील तर एकेक करून उडवायचे. हे न केल्यास मेघाची पिसे आकाश समजून वजा होतात आणि नंतर कितीही ताणले तरी परत येत नाहीत. मग ताऱ्यांवरून रंगसंतुलन. आता पडदा लिनियरवर. पहिला ताण आसिन्ह नावाच्या गणिती वक्राचा, हलका. या वक्राची खुबी ही की तीनही रंगांचे आपसातले प्रमाण तो टिकवतो, त्यामुळे ताऱ्यांचे रंग सांभाळले जातात. ताऱ्यांचे गाभे पांढरे व्हायला लागले की थांबायचे, आणखी ताणायचे नाही.

दुसरा ताण जनरलाइज्ड हायपरबोलिक नावाच्या वक्राचा. याचा सममिती बिंदू हिस्टोग्रामच्या टेकडीच्या (आकाशाच्या पिक्सेलांच्या उंचवट्याच्या) किंचित डावीकडे ठेवायचा. सगळ्यात जास्त कॉन्ट्रास्ट त्या बिंदूपाशी मिळतो. उजेडाचे संरक्षण वाढवायचे म्हणजे गाभ्याकडचा वक्र सरळ होतो आणि तिथला मजकूर चेंगरत नाही. टेकडी एका दमात जागेवर आणायची नाही. दोन-तीन फेऱ्यांत आणायची, आणि दर फेरीत सममिती बिंदू टेकडीबरोबर सरकवायचा. नवशिक्याचा हात इथेच घसरतो: बिंदू जुन्याच जागी राहतो, मग ताण रिकाम्या काळोखाला बसतो आणि मेघ सपाट दिसतो. काळ्याची रेघ अगदी शेवटी. ती सरकवताना किती पिक्सेल शून्यात गेले त्याची टक्केवारी दिसते, ती ०.१ च्या वर जाऊ द्यायची नाही. शेवटी मोकळे आकाश ०.०८ ते ०.१२ मध्ये राहावे. मृगाच्या गाभ्यासाठी मात्र वक्राची कितीही कसरत केली तरी मूळ फाइलमध्येच गाभा भरून वाहिला असेल तर उपयोग नाही. ३० सेकंदांच्या जोडीला ५ सेकंदांचे वीसेक फोटो वेगळे घ्यावेत आणि गाभ्यापुरते तेच बसवावेत.

हात म्हणजे सचोटी असेही नाही. ऑटोच्या खोटेपणाला निदान एक सूत्र असते. हाताच्या खोटेपणाला मालकाची हौस पुरते. सगळ्यात जास्त केले जाणारे पाप म्हणजे काळ्याची रेघ टेकडीच्या पोटात घुसवणे. आकाश डांबरासारखे काळे होते, ग्रेडियंट दिसेनासा होतो, नॉइज मरतो, आणि फोटो ‘अवकाशातून घेतल्यासारखा’ दिसतो. सोबत मेघाची बाहेरची अर्धी पिसेही मरतात, पण ती होती हे बघणाऱ्याला कुठे माहीत? असा फोटो ओळखायची खूण सोपी आहे: मोकळ्या आकाशात ० ते २५५ च्या मोजणीत सगळीकडे सपाट ० किंवा १ आला तर तिथे आकाश नाही, डांबर आहे. खऱ्या आकाशात बारीक खरखर असतेच. मेघाभोवती मास्क काढून तेवढाच भाग उजळणे हे त्याच्या पुढचे पाप, आणि स्पर्धांत ते चांगलेच बक्षीसपात्र ठरते.

तरीही हाताच्या बाजूने उभे राहावेसे वाटते, कारण हाताने ताणण्यातून नव्या गोष्टी सापडलेल्या आहेत. ऑस्ट्रेलियात अँग्लो-ऑस्ट्रेलियन दुर्बिणीवर काम करणाऱ्या डेव्हिड मॅलिन यांनी काचेच्या प्लेटांवरचा अतिमंद प्रकाश डार्करूममध्ये ताणायच्या पद्धती बसवल्या. प्लेटवर कोणालाच न दिसलेली दीर्घिकांभोवतीची मंद कवचे त्यातून दिसली. १९८६ साली सापडलेली प्रचंड पसरट, फिकट दीर्घिका मॅलिन १ या नावाने ओळखली जाते ती याच माणसामुळे. कुठे ताणायचे हे आधी त्यांच्या नजरेने हेरले होते.

आणि ठरलेल्या मापाच्या बाजूने त्याहून मोठा दाखला आहे. स्लोन या आकाश सर्वेक्षणाची रंगीत चित्रे आसिन्ह वक्राने तयार झाली. रॉबर्ट लप्टन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ती पद्धत मांडली. कुठल्याही दीर्घिकेला वेगळी वागणूक नाही, सगळ्यांना एकच वक्र. २००७ मध्ये गॅलक्सी झू हा लोकसहभागाचा प्रकल्प सुरू झाला आणि घरी बसलेल्या सामान्य लोकांनी त्या चित्रांवरून दीर्घिकांची वर्गवारी केली. त्यांनाच त्यात काही लहान, गोल, हिरव्या वस्तू दिसल्या. त्यांचे ‘हिरवे वाटाणे’ असे नाव पडले, आणि पुढे त्या ऑक्सिजनच्या रेषेत झगमगणाऱ्या, वेगाने तारे घडवणाऱ्या छोट्या दीर्घिका ठरल्या. प्रत्येक चौकटीचा रंग ऑटोने आपापला सुटा जुळवला असता तर हा हिरवा रंग एका चित्रात आणि दुसऱ्यात सारखा राहिलाच नसता, आणि तो वेगळा आहे हे कळायला मार्ग नव्हता.

सोलापूरच्या आकाशाच्या काही खोडी आहेत, त्या ध्यानात घेतल्याशिवाय कुठलाच वक्र धड बसत नाही. आकाशगंगेचा गाभा नीट दिसायचा हंगाम म्हणजे इथला ऐन उन्हाळा. सेन्सरमधला उष्णतेचा प्रवाह साधारण दर सहा अंशांना दुप्पट होतो. डिसेंबरच्या १५ अंशांच्या रात्रीपेक्षा एप्रिलच्या २८ अंशांच्या रात्री तो चौपटीहून जास्त. थंडीत घेतलेले डार्क्स (सेन्सरचा स्वतःचा दोष वजा करायला घेतलेले काळे फोटो) उन्हाळ्यात वापरले की गरम पिक्सेल उरतात, पसारा फुगतो आणि ऑटो काळ्याची रेघ उगाच खाली ओढतो. डार्क्स त्याच रात्री, त्याच जागी, टोपण लावून घ्यावेत. हिवाळ्यात गाळपाचा हंगाम, पाचट पेटवल्याचा धूर, क्षितिजाजवळ तांबूस थर. आणि जागा निवडताना दिशा बघावी. बार्शी रस्त्याने नान्नजकडे गेलात तर शहराचा उजेड दक्षिणेला राहतो, आणि आपल्याला हवे ते धनू, वृश्चिक, नरतुरंग सगळे दक्षिणेलाच. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ इथून जास्तीत जास्त २५ अंश वर येतो, म्हणजे थेट उजेडाच्या घुमटात. त्यासाठी शहराच्या दक्षिणेला, मंद्रूपच्या बाजूला जावे. तिथून उजेड उत्तरेला, ध्रुवताऱ्याखाली राहतो. ध्रुवतारा इथे जेमतेम साडेसतरा अंशांवर असतो, पण माउंट जुळवण्यापुरता दिसतो.

मग करायचे काय? प्रदर्शने आणि स्पर्धा भरवणाऱ्यांनी फोटोखाली एक ओळ सक्तीची करावी. उदाहरणार्थ: ‘मृगातला तेजोमेघ, मंद्रूपजवळून, ३० सेकंदांचे १२० फोटो, एकूण १ तास, गाभ्यासाठी ५ सेकंदांचे २०, ताण हाताने, तिन्ही रंग एकत्र, पार्श्वभूमी ०.१०.’ ऑटो वापरला असेल तर ‘ऑटो’ असे लिहावे, त्यात लाज नाही. बक्षिसाच्या फोटोंची न ताणलेली फिट्स फाइल परीक्षकांनी मागून घ्यावी. बहुतेक स्मार्ट दुर्बिणीही ती जपून ठेवतात, मागितली तर मिळते. शाळेत फोटो लावताना शेजारी न ताणलेले, जवळजवळ काळे चित्रही लावावे. सातवीतल्या मुलाला दोन चित्रांतला फरक दाखवला की कॉन्ट्रास्ट म्हणजे काय ते वेगळे शिकवावे लागत नाही.

छपाईची गोष्ट निराळी, आणि तिथे माझे मत थोडे मऊ आहे. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरते, ०.१० चे आकाश काजळीचा डाग होऊन येते; तिथे ०.१५ ते ०.२० ठेवलेले बरे, म्हणजे ऑटोच्या जवळपास. चौकात लावायच्या ‘डिजिटल’ फलकावर तर उन्हात काळे काळे राहतच नाही. मोबाइलवरून फिरवताना ८ बिटच्या दाबलेल्या जेपीईजीत हलक्या उतारांच्या पायऱ्या पडतात; तेवढ्यासाठी पार्श्वभूमीतली बारीक खरखर पूर्ण घासून काढू नये, तीच पायऱ्या लपवते.

राहिला आकाश किती उजळले हा प्रश्न. इथे सुंदर फोटोचा काही उपयोग नाही. ताणलेल्या कुठल्याही फोटोवरून ‘आपले आकाश अजून चांगले आहे’ किंवा ‘वाट लागली’ असे म्हणणे दोन्ही मापात पाप. साधा १८ मिमी लेन्सचा कॅमेरा घ्यावा: एफ ४, आयएसओ ८००, १० सेकंद, रॉ फाइल, तोंड डोक्यावर. लगेच टोपण लावून त्याच सेटिंगचे पाच डार्क्स घ्यावेत आणि त्यांची सरासरी वजा करावी. मग चौकटीच्या मधल्या भागाचा हिरव्या रंगाचा मध्यक सिरिलच्या आकडेवारीत वाचून वहीत लिहावा. काहीही ताणायचे नाही. मध्यकात तारे आपोआप बाजूला पडतात. दोन जागांच्या किंवा दोन तारखांच्या आकड्यांत दुप्पट फरक आला तर आकाश पाऊण प्रतीने (प्रत म्हणजे ताऱ्यांचे तेज मोजायचे माप) उजळलेले आहे. अडीच पट आला तर एका प्रतीने.

पहिली नोंद करायला गड्ड्याइतकी, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेइतकी, चांगली वेळ नाही. संक्रांतीच्या सुमारास होम मैदान उजळते आणि पंधरवडाभर तरी उजळलेले राहते. संक्रांत सूर्यावर चालते, त्यामुळे चंद्र दर वर्षी वेगळ्या कलेचा असतो. पण पंधरवड्यात तो उगवण्याआधीचा किंवा मावळल्यानंतरचा एखादा तास सापडतोच. त्या तासाला एक नोंद गच्चीवरून, आणि गड्डा उठल्यावर त्याच गच्चीवरून, घड्याळात त्याच वेळेला दुसरी, तेव्हाही चंद्र नको. मधल्या पंधरा दिवसांत तारे तासभर पुढे सरकलेले असतील, तेवढे चालते. धुके किंवा धूर असेल ती रात्र सोडावी, कारण धुरावर दिव्यांचा उजेड जास्त परततो आणि आकडा फुगतो. दोन्ही रॉ फाइली डार्क्ससह जपून ठेवाव्यात. पुढच्या जानेवारीत तिसरा आकडा त्यांच्याशेजारीच लिहायचा आहे.